हेळवण या शब्दाचा सांधा

लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मानून जे लिहायला बसतात त्यांच्यात मी मोडत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. वाचकाने त्याबद्दल मला माफ करावे. भूमच्या एका शाळेत मी मराठी शिकवले. निबंधाची सुरुवात कशी असावी, शेवट कसा असावा, मधल्या परिच्छेदांनी एकमेकांचे हात कसे धरावेत, हे इतरांच्या मुलांना सांगण्यात माझी नोकरी संपली. स्वतः मात्र प्रगतिपुस्तकातील शेरे आणि दुकानांच्या पाट्या यांपलीकडे मी काही लिहिले नाही. आता निवृत्तीनंतर पहिल्यांदाच सलग पाने लिहायला घेतली आहेत, तेव्हा वाक्यांत अवघडलेपणा असेलच. तरीही हे धाडस करतो आहे त्याला एक कारण आहे. आजारपणात माझी पत्नी एक शब्द बोलू लागली. माझ्याकडे पाहत, उत्तराची वाट बघत, तो तिने पुन्हा पुन्हा उच्चारला आणि मला तो कळला नाही. तो शब्द कुणापुढे तरी ठेवावा, आणि ठेवण्यापूर्वी तो कोणत्या घरात, कोणाच्या तोंडी जन्मला हे सांगावे, एवढाच माझा हेतू आहे.

पाट्यांचा उल्लेख आला, त्याचा खुलासा करतो. पाट्या मी रंगवत नसे. पाट्यांवरची नावे जुळवत असे. हा नाद मला एका जुन्या विद्यार्थ्यामुळे लागला. त्याच्या घरी खव्याची भट्टी होती आणि बसस्थानकाजवळ त्याला खव्याचे दुकान टाकायचे होते. तो घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "सर, नाव असं पायजे की कुणाकडंच नसंल. आन बोर्ड लहान हाय, तवा आटोपशीर."

मी बरेच दिवस विचार केला आणि 'खवा' व 'सुवास' हे दोन शब्द एकमेकांत बसवून त्याला 'खवास' असे नाव दिले. तीन अक्षरे, नवी, आणि कानाला बरी. मला त्या नावाचा मनातून अभिमान वाटला, हे कबूल करतो. पाटी लागली. काही दिवसांनी एका सकाळी पाहतो तर 'वा'च्या कान्यावर कुणीतरी तांबड्या रंगाने वेलांटी चढवलेली. 'खवास'चा 'खवीस' झाला होता. भुताच्या नावाच्या दुकानात पेढे कोण घेणार, या काळजीने मी घरी येऊन झालेले सांगितले. माझी पत्नी भाकरी थापत होती. ती थांबलीसुद्धा नाही.

"बरंच झालं की," ती म्हणाली. "खवास कुणाच्या ध्यानात ऱ्हायलं असतं? खवीस कुणी इसरत न्हाय."

तिचे खरे ठरले. दुकान चालले. लोक 'खवीसकडचा खवा' मागू लागले आणि माझ्या विद्यार्थ्याने ती वेलांटी पुसली नाही. मात्र त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम झाला. मी जुळवलेले कोणतेही नाव तिच्या परीक्षेतून गेल्याशिवाय बाहेर पडायचे नाही. परीक्षा अशी: ती परसदारी उभी राहायची, पदर कमरेला खोचायची आणि ते नाव एखाद्या मुलाला जेवायला बोलवावे तसे मोठ्याने, लांबवून हाक मारून पाहायची. हाक ओढाताण न करता गेली तर नाव पास. भिंतीपलीकडच्या वहिनी कपडे वाळत घालता घालता विचारायच्या, "ताई, आज कुणाला हाक?"

"आज गिरनीला," ती सांगायची.

गिरणीचे नाव मी 'दळण' आणि 'मसाला' मिळून 'दळसाला' असे केले होते. तिने एकदाच हाक मारली आणि हसत आत आली. "अवं सर, गिरनीवाला म्हनंल, सरांनी भर चौकात मला साला केलं." मी ते उलट करून 'मसाळण' केले. ते पास झाले. अजूनही त्या गिरणीवर ती पाटी आहे.

ती मला 'सर' म्हणायची ते टोमणा म्हणून. तिचे माहेर मुरुमचे, कर्नाटकाच्या कडेचे. बोलणे भरभरून, मध्येच एखादा कानडी शब्द टाकून, आणि समोरच्याला वाक्य पुरे करू न देता. मी जन्माचा अबोल. दुकानात भाव विचारायचा तर ती विचारी, पाहुण्यांना बसा म्हणायचे तर ती म्हणे; शाळेच्या संमेलनात मला दोन शब्द बोलायला लावले तेव्हा ती घरी म्हणाली, "दोनच बोललाव ते बरं झालं, तिसरा तुमाला सापडला नसता." घर बांधले तेव्हा इतरांसारखे नवरा-बायकोच्या नावांतील अक्षरे जोडून घराला नाव द्यावे असे मला वाटत होते. माझे पहिले अक्षर आणि तिचे पहिले अक्षर जोडले तर 'राग' होई. उलट केले तर फणसातला 'गरा'. ती म्हणाली, "राग नको, गरा नको. घराला हाक मारायची कशाला? ते काय कुठं जातंय?" आमच्या घराला अजून नाव नाही.

या कामाचे जे थोडे शास्त्र मला उमगले होते ते इथे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढे त्याचाच प्रश्न येतो. दोन शब्द घ्यावेत. एकाचे डोके ठेवावे, दुसऱ्याचे शेपूट. दोघांत एखादे अक्षर सामाईक असेल तर तिथेच कापावे, म्हणजे सांधा दिसत नाही. ऐकणाऱ्याला दोन्ही शब्दांचा वास यावा, पण एक कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला हे त्याला दाखवता येऊ नये. सांधा जितका लपलेला, तितके नाव चांगले. गावाबाहेर शेळीपालन सुरू केलेल्या एका तरुणाला मी 'शेळवण' हे नाव दिले, तेव्हा सांधा मला स्वतःलाही दिसत नव्हता. तिने परसदारी हाक मारली आणि नाव पास केले, पण आत येऊन म्हणाली, "कालवण, सारवण, साठवण. बायकांच्या कामाचे समदे वण तुमी शेळ्यांला दिले व्हय?"

शेवटचा शब्द तिचा. आमच्यात ते नेहमीचे होते.

आठवडी बाजाराचा तो दिवस. मी पिशवी धरून मागे उभा होतो आणि ती नेहमीप्रमाणे भाजीवालीशी घासाघीस करीत होती. वांगी झाली, मिरच्या झाल्या. मग तिने एका जुडीकडे बोट दाखवून विचारले, "मेथिंबीर कशी दिली गं?"

भाजीवाली हसली. "काकू, हे कंचं नवीन वाण काढलं?"

"मेथिंबीर," पत्नी जरा चिडून म्हणाली. "ही काय, समोर हाय की."

मेथी आणि कोथिंबीर. 'थ' दोन्हींत सामाईक, आणि कापही बरोबर तिथेच. मला ते नाव आवडले. ती माझी थट्टा करते आहे असे वाटून मी हसलोही. भाजीवालीने जुडी पुढे केली. पत्नीने हात पुढे केला तो जुडीपर्यंत पोहोचलाच नाही. तिने माझ्याकडे वळून पाहिले तेव्हा तिच्या तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती.

तिला बार्शीला नेले. तिथे ती पुष्कळ दिवस होती. उजवा हात आणि पाय गेले होते, त्यांपैकी पाय थोडा परत आला. बोलण्याविषयी तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावले. ते तरुण होते, सावकाश बोलत होते. "शब्द गेलेले नाहीत, सर. पण त्यांच्या वाटा एकमेकांत शिरल्यात. एक म्हणायला जातील आणि त्यात दुसरा मिसळेल. पहिल्या काही महिन्यांत जेवढं येईल तेवढं येईल. त्यानंतर फार आशा ठेवू नका."

घरी आल्यावर मी ती आशा ठेवली, आणि त्याला आधारही होता. वाचकांना हे विचित्र वाटेल, पण तिचे बोलणे मला समजत होते. आयुष्यभर मी शब्द जोडत आलो होतो. आता ते उलगडायचे, एवढाच फरक. पहिल्याच आठवड्यात ती "उशाय" असे म्हणाली. पुण्याहून आलेली आमची मुलगी घाबरली. मी उशी घेतली आणि तिच्या पायाखाली ठेवली. पत्नीने मान हलवली. दुसऱ्या दिवशी "खिडून". खिडकीतून ऊन तिच्या डोळ्यांवर येत होते. मी पडदा ओढला. मुलगी मला म्हणाली, "बाबा, तुम्हाला कसं कळतं?" मला बरे वाटले. या वयात आपण कुणाच्या उपयोगी पडतो आहोत, आणि तेही ज्या कामाला गाव गंमत समजत आले त्या कामामुळे, याचे मला समाधान वाटले.

त्या दिवसांतील एक सकाळ मला फार स्पष्ट आठवते. ती खाटेवर टेकून बाहेर पाहत होती आणि एकदम म्हणाली, "टीवळा." मी सगळीकडे पाहिले. टीव्ही बंद होता. मग तिच्या नजरेच्या दिशेने पाहिले, तर समोरच्या गच्चीवर टीव्हीच्या छत्रीत एक कावळा अंग चोरून बसला होता, जणू छत्री त्याच्यासाठीच लावली आहे. "टीव्हीच्या छत्रीत कावळा," मी म्हणालो. तिचा अर्धा चेहरा हसला. मग मी 'टीवळा' अशी मोठ्याने हाक मारली, आणि तिने डावा हात हलवून ती पास केली. ते तिचे शेवटचे हसणे. त्या वेळी ते मला ठाऊक नव्हते.

मुलगी परत गेली. नंतर आणखी एक झटका आला, पहिल्यापेक्षा लहान. डॉक्टरांनी औषध बदलले आणि नवीन काही सांगितले नाही. त्यानंतर तिचे शब्द एकेक करून बंद झाले. उशाय, खिडून, पाणी मागण्याचा एक शब्द होता तो, सगळे. पाणी हवे असले तरी ती नुसती बघायची. आणि या सगळ्यांतून एकच शब्द उरला. एका दुपारी मी तिला भात भरवत असताना तिने घास बाजूला सारला, माझ्या तोंडाकडे पाहिले आणि स्पष्ट, पूर्वीच्या आवाजात म्हणाली, "हेळवण."

मी विचारले, "काय हवंय?"

"हेळवण," ती म्हणाली, आणि थांबली. उत्तर येईल अशा विश्वासाने थांबली. ते थांबणे मला अजून दिसते.

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. शेपूट आधी घेतले: 'वण'. शेजारच्या वहिनींकडून वांग्याचे कालवण करून आणले. तिने थोडे खाल्ले, मग म्हणाली, "हेळवण." परसदारी फरशी असूनही तुळशीपुढचा एक तुकडा सारवून घेतला आणि तिला खुर्चीवर बसवून तिथे नेले. तिने जमिनीकडे पाहिलेही नाही. साठवणीच्या खोलीतले डबे तिच्यासमोर उघडून दाखवले, डाळी, कुरड्या, मागच्या उन्हाळ्यातल्या शेवया. आठवण म्हणून जुने फोटो काढले. प्रत्येक वेळी ती शांतपणे पाहून घेई, काही तरी मी आणणार आहे या समजुतीने पुन्हा माझ्याकडे बघे, आणि तोच शब्द उच्चारी.

मग डोके घेतले: 'हेळ'. मराठीत या डोक्याचा मला एकच शब्द आठवला, हेळसांड. तो मी फार वेळ मनात ठेवू शकलो नाही.

शेवटी मुरुमला जायचे ठरवले. तिची थोरली बहीण तिथे असते, तिला सगळे अक्का म्हणतात. पत्नीला वहिनींच्या हवाली करून मी एसटीने निघालो. धाराशिवला गाडी बदलून दुपारी पोहोचलो. अक्कांना आता कमी ऐकू येते. त्यांच्या कानाशी वाकून मी तो शब्द सांगितला. पुन्हा सांगितला. त्यांनी डोळे मिटले.

"केळवण म्हनत असंल," त्या म्हणाल्या.

मी चपापलो. एवढा जवळचा शब्द मला सुचला नव्हता. मी सांधा शोधत बसलो होतो, आणि कदाचित तिथे सांधा नव्हताच. एकच शब्द होता, फक्त पहिले अक्षर घसरलेले.

"तिचं केळवण झालंच न्हाय की," अक्का सांगू लागल्या. "तुमच्याकडनं तारीख घाईची आली. चुलतीच्या घरी सुतक, मावशीकडं बाळंतीन. कुनीबी जेवाय बोलीवलं न्हाय. लई रडली होती ती. मला म्हनली, अक्का, समद्या पोरींला गोड खाऊन धाडत्यात, मला उपाशी धाडाय लागलाव."

हे तिने मला कधीच सांगितले नव्हते. इतकी बोलणारी बाई, आणि एवढी एक गोष्ट तिने आयुष्यभर बोलायची ठेवली.

अक्कांची सून पलीकडच्या कानडी मुलखातली. चहाचा कप देताना ती हळूच म्हणाली, "मामा, आमच्याकडं हेळ म्हंजे सांग."

अक्कांना हे मात्र ऐकू गेले. "तिला कुठलं कानडी आता?" त्या म्हणाल्या. "इसरून गेली ती कवाच. तुमी केळवण करा."

मी केळवण केले. या वयात आणि अशा अवस्थेत ते हास्यास्पद दिसेल याची मला जाणीव होती, तरी केले. तिला पाटावर बसता येत नव्हते, म्हणून खुर्चीभोवती वहिनींनी रांगोळी काढली. नवे लुगडे आणले, ते वहिनींनी तिला नेसवले. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी. तिच्यासाठी पुरण दुधात कालवून मऊ केले. आळीतल्या बायका आल्या. सुरुवातीला सगळ्या अवघडून बसल्या होत्या, मग एकीने विचारले, "ताई, नवरदेव कोन म्हनायचा?" आणि वहिनी म्हणाल्या, "हाय की ह्यो जुनाच, दुरुस्त करून घेतलाय." सगळ्या हसल्या. मीही हसलो. कुणीतरी तिच्या ओटीत खण घातला, कुणी तिच्या केसांत गजरा माळला. खूप दिवसांनी घरात बायकांचा आवाज भरला होता, आणि मला क्षणभर असे वाटले की आपण बरोबर जागी येऊन पोहोचलो.

ती जेवली. पुष्कळ जेवली, आजारपणानंतर प्रथमच. तिने एकेकीचा चेहरा पाहिला. रांगोळी पाहिली, ओटीतला खण डाव्या हाताने चाचपला. मग तिने मला शोधले. मी दाराशी उभा होतो.

"हेळवण," ती म्हणाली.

त्याच आवाजात. जणू मी अजून काहीच केले नाही. वहिनी म्हणाल्या, "दमल्या असतील, सर." बायका एकेक करून उठल्या. ताटे उचलून मोरीत ठेवली.

त्यानंतर उरले होते ते अक्कांच्या सुनेचे सांगणे. हेळ म्हणजे सांग. ती मला काही सांगायला लावत असेल, या समजुतीने मी रोज सकाळी तिच्या खाटेशी बसून बोलू लागलो. माझ्यासारख्या माणसाला हे किती कठीण गेले हे कसे सांगू? बाजारात काय आले, एसटी किती उशिरा आली, खवीसवाल्याने दुकान वाढवले, मुलीचा फोन आला. बोलून बोलून माझी जीभ जड व्हायची. ती ऐकायची. मी थांबलो की म्हणायची, "हेळवण," आणि मी पुन्हा सुरू करायचो. काही दिवस मला वाटले की अर्थ लागला. तिला फक्त कुणी बोलत राहायला हवे आहे, आणि ते मला जमते आहे.

मग एका सकाळी बोलण्यासारखे काही उरले नाही म्हणून मी मला आठवतील ती माझीच नावे सांगू लागलो. खवास, मसाळण, इतर अनेक. ती भिंतीकडे बघत होती. 'शेळवण' म्हणताच तिने मान वळवली आणि लगेच, माझ्यामागे म्हणावे तसे, म्हणाली, "हेळवण."

मी पुन्हा म्हणालो, "शेळवण."

"हेळवण."

झटक्यानंतर 'श'चा 'ह' होणे काही विशेष नाही. म्हणजे कदाचित इतके महिने ती काही मागत नव्हती. ते शब्दाचे दोन तुकडे नव्हते, केळवण नव्हते, सांग नव्हते; शेळ्यांच्या गोठ्याची माझी एक पाटी तिच्या डोक्यात अडकून राहिली होती, आणि मी तिच्यासमोर ताटे मांडत होतो. मी रिक्षा करून तिला त्या गोठ्यावर नेले. पाटी दाखवली. शेळ्या जाळीपाशी येऊन तिच्याकडे बघत राहिल्या, ती त्यांच्याकडे. ती काही बोलली नाही. परतीच्या वाटेवर, घर जवळ आल्यावर, माझ्या बाहीला धरून म्हणाली, "हेळवण." आता त्यात विचारणे नव्हते, असे मला वाटले; पण हेही माझे वाटणेच.

एक शक्यता मी तपासली नाही, ती इथे लिहितो. माझ्या नियमाप्रमाणे सांधा सामाईक अक्षरावर असतो. 'हेळ'मध्ये 'ळ' आहे, आणि शेवटी 'ळवण' येणाऱ्या शब्दांत एक 'बोळवण' आहे. निरोप देऊन वाटेला लावणे. तो शब्द मी तिच्यासमोर कधी उच्चारला नाही. उच्चारला असता आणि तिने मान हलवली असती, तर मी काय केले असते ते मला माहीत नाही.

थंडी सरता सरता तिने तो शब्दही सोडला. कोणत्या दिवशी, ते सांगता येत नाही. शेवटचा उच्चार शेवटचा आहे हे त्या वेळी कळत नाही. ती आता जेवते, झोपते, खिडकीकडे तोंड करून बसते. ऊन डोळ्यांवर आले तरी काही म्हणत नाही. मी पडदा ओढतो. अलीकडे डॉक्टरांना दाखवले तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एवढेच म्हणाले की तब्येत स्थिर आहे. नावे मागायला लोक अजून येतात. मी त्यांना नाही म्हणतो. हाक मारून पाहणारे कुणी नाही.

परवा मी परसदारी गेलो. ती आत खिडकीशी बसली होती, तिथून परसातला आवाज स्पष्ट ऐकू येतो. मी कधीच मोठ्याने हाक मारणारा नव्हतो. तरी उभा राहिलो आणि ती मारायची तसे, लांबवून, तो शब्द हाक मारून पाहिला. हाक ओढाताण न करता गेली. तिच्या परीक्षेत हा शब्द पास झाला असता. मी आत वळून पाहिले. तिने मान वळवली नव्हती.

भिंतीपलीकडून वहिनींनी विचारले, "सर, कुणाला हाक मारताय?"

मला सांगता आले नाही.

म्हणून हा शब्द मी आता वाचकांसमोर ठेवतो. माझ्याकडे त्याचे आणखी काही करण्यासारखे राहिलेले नाही, आणि उत्तर मिळाले तरी ते तिच्यापर्यंत पोहोचेल असे मला वाटत नाही. तरीही तो एकदा मोठ्याने म्हणून पाहा, आणि मला सांगा: हेळवण या शब्दात तुम्हाला कोणते दोन शब्द ऐकू येतात?